पुण्याहून ह्यूस्टनला येताय? वादळाची तयारी घर बघतानाच करा

ऑफर लेटर हातात पडलं की पुण्यात बसूनच ह्यूस्टनमधलं घर शोधणं सुरू होतं. शाळा कशी आहे, ऑफिस किती लांब, इंडियन ग्रोसरी कुठे. या यादीत सगळ्यात वर एक प्रश्न घाला: हे घर पाण्यात जातं का? हरिकेनचा सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि त्यातला जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. पण निम्मी तयारी भाडेकरारावर सही करतानाच झालेली असते, किंवा हुकलेली असते.

पुणेकराच्या डोक्यात वादळ म्हणजे २०२० चं निसर्ग. वारा सुटला, झाडं पडली, वीज गेली. त्यामुळे नवखा माणूस इथेही टीव्हीवर फक्त कॅटेगरी बघतो. एक ते पाच अशा या कॅटेगरीत वाऱ्याचा वेग मोजतात, पावसाचा त्यात हिशोबच नाही. २०१७ चं हार्वे किनाऱ्याला धडकलं तेव्हा कॅटेगरी चारचं होतं, पण ह्यूस्टनला बुडवलं ते जोर ओसरल्यावर, इथेच रेंगाळून. ह्यूस्टनच्या पूर्वेच्या नेडरलँड गावात ६० इंचांवर पाऊस झाला, म्हणजे दीड मीटर. जुलै २०२४ चं बेरिल जेमतेम कॅटेगरी एकचं. तरी २० लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, अनेकांची आठवडाभर, तीही भर उन्हाळ्यात.

खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पुलाचं काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. ह्यूस्टनच्या पश्चिमेला, केटी या उपनगराच्या वाटेवर, ॲडिक्स आणि बार्कर अशी दोन धरणं आहेत, १९४० च्या दशकातली. एरवी ती कोरडीच असतात; आत बागा, मैदानं, सायकलचे रस्ते. त्यामुळे आपण धरणाच्या पोटाशी घर बघतोय हे लक्षातच येत नाही. धोका दोन्ही बाजूंना आहे. धरण तुडुंब भरलं की पाणी सरकारी जमीन ओलांडून मागच्या वसाहतींत शिरतं, आणि दरवाजे उघडले की खालच्या बाजूला बफेलो बायू या नदीच्या काठची घरं जातात. हार्वेत हे दोन्ही झालं. म्हणून घर विकत घेताना पूर्वी पाणी शिरलं होतं का आणि घर धरणाच्या 'फ्लड पूल'मध्ये, म्हणजे धरण भरल्यावर पाणी पसरतं त्या जागेत, येतं का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या; टेक्सासच्या कायद्याने ते त्याला सांगावं लागतं. भाड्याच्या घरालाही २०२२ पासून मालकाने मागच्या पाच वर्षांतल्या पुराची लेखी कल्पना द्यायची असते. सरकारी पूर-नकाशावर 'झोन एक्स', म्हणजे कमी धोक्याचा भाग, दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. हार्वेत बुडालेली कितीतरी घरं पूररेषेबाहेरचीच होती.

घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचं पाणी येत नाही, भाडेकरूच्या विम्यातही नाही. सरकारी पूरविमा वेगळा काढावा लागतो आणि तो लागू व्हायला साधारणपणे ३० दिवस जातात. वादळ मेक्सिकोच्या आखातात दिसल्यावर धावपळ करून उपयोग नाही. भरपाई घरासाठी कमाल अडीच लाख डॉलर, सामानासाठी एक लाख. भाडेकरूला नुसत्या सामानाचाही काढता येतो. एच-वन-बीवाल्यांनी हे जास्त मनावर घ्यावं: आपत्तीनंतर फेमा ही सरकारी आपत्ती-संस्था जी रोख मदत देते ती या व्हिसावर मिळत नाही. घरात अमेरिकेत जन्मलेलं मूल असेल तर त्याच्या नावाने अर्ज करता येतो. गाडीचा विमा 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' हवा, त्यात पुराचं नुकसानही येतं. इथले रस्ते मुद्दामच पाणी साठवायला खोलगट ठेवलेले असतात, तेव्हा वादळाच्या आदल्या दिवशी गाडी रस्त्यावरून काढून पार्किंग इमारतीच्या वरच्या मजल्यावर लावा.

वाऱ्याचा तडाखा साधारण ४८ तासांवर आला की हवामान खात्याचा 'वॉच' (धोका संभवतो) लागतो, ३६ तासांवर 'वॉर्निंग' (धोका येतोय). पेट्रोल, रोख पैसे आणि दोन आठवड्यांची औषधं वॉच लागायच्या आधीच. वीज गेली की पंपही बंद, कार्डही बंद. टीव्हीवरच्या वादळाच्या नकाशातला पांढरा शंकू वादळाच्या केंद्राचा संभाव्य मार्ग दाखवतो. शंकूबाहेर आहोत म्हणजे सुटलो असं नाही. घर सोडायचं की नाही हे पिनकोडवरून ठरतं: किनाऱ्याजवळच्या झोनना हुकूम झाला की त्यांनी निघायचं, बाकीच्यांनी घरी थांबायचं. २००५ च्या रिटा वादळाला सगळेच एकदम निघाले आणि हायवेवर, उन्हात, पेट्रोल संपून अडकले. त्या पलायनातच शंभराच्या आसपास माणसं गेली.

घरी थांबणाऱ्यांसाठी पाणी माणशी रोज एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, निदान सात दिवसांचं. शिवाय बाथटब भरून ठेवा. संडासात एका वेळी पाच-सहा लिटर जातात. इथे घरोघरी इन्व्हर्टर नसतो. जनरेटर घेतलात तर घरापासून २० फूट लांब, धूर खिडकीकडे येणार नाही असा. गॅरेजमध्ये तर मुळीच नको, दार उघडं ठेवूनही नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि दर वादळानंतर त्याने बळी जातात. जनरेटरची वायर भिंतीच्या सॉकेटमध्ये उलटी जोडण्याचा जुगाड लाइनवरच्या वायरमनच्या जिवावर बेततो. न उघडलेला फ्रिज चार तास टिकतो, गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास. एप्रिलच्या अखेरीस टेक्सासमध्ये दोन-तीन दिवस वादळाच्या तयारीच्या ठरावीक वस्तूंवरचा सव्वाआठ टक्के विक्रीकर माफ असतो. बॅटऱ्या, जनरेटर तेव्हाच घ्या.

पुण्याहून काय आणायचं? मेतकूट, चिवडा, गूळ-शेंगदाणे, पातळ पोहे. दडप्या पोह्यांना शेगडी लागत नाही. तुळशीबागेतला रिचार्जेबल दिवा किंवा पंखा घेणार असाल तर यूएसबीवर चार्ज होणाराच घ्या. नुसत्या २३० व्होल्टचा इथल्या १२० वर चालत नाही. पॉवरबँक केबिन बॅगेत, चेक-इनमध्ये नाही. पासपोर्ट, आय-७९७ (एच-वन-बी मंजुरीची नोटीस), भाडेकरार आणि विम्याची कागदं एका झिपलॉकमध्ये. पुण्यातल्या आईबाबांना आधीच सांगून ठेवा की फोन लागला नाही तर काळजी नको, मेसेज येईल. टॉवरवर ताण असताना व्हिडिओ कॉल लागत नाही, साधा एसएमएस जातो.

पाणी शिरलंच, तर आवराआवरीआधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेसकट प्रत्येक खोलीचे फोटो काढा. मग थांबू नका. इथल्या भिंती विटांच्या नाहीत, लाकडी चौकटीवर जिप्समचे पत्रे ठोकलेले असतात आणि ते पाणी वर ओढून घेतात. दोन दिवसांत बुरशी धरते. रेघेच्या वर फूटभर अंतरावर आडवा काप घेऊन खालचा पत्रा आणि आतलं कापसासारखं ओलं इन्सुलेशन काढून टाका, पत्र्याचा तुकडा विमावाल्यासाठी ठेवा आणि लाकूड पूर्ण सुकल्याशिवाय नवा पत्रा लावू देऊ नका. दारावर येऊन आधी पैसे मागणाऱ्या कंत्राटदाराला परत पाठवा.