सेमी-ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल कसं वापरावं

या यंत्रणेत तापमान गाडी सांभाळते. पंख्याचा वेग आणि हवेची दिशा तुम्ही ठरवायची. ही वाटणी पक्की लक्षात ठेवा.

उन्हात तापलेली गाडी असेल तर मिनिटभर काचा खाली करून चालवा. मग काचा लावा, एसी आणि रीसर्क्युलेशन (आतलीच हवा पुन्हा फिरवणं) चालू करा, तापमान २४ वर ठेवा.

आकडा १६ वर किंवा ‘लो’वर नेला की गाडी लवकर गार होते, हा सल्ला कृपया विसरा. डॅशबोर्डच्या आत एक झडप असते. इव्हॅपोरेटरवरून, म्हणजे एसीच्या हवा गार करणाऱ्या भागावरून, आलेल्या गार हवेत हीटरची किती गरम हवा मिसळायची, हे ती ठरवते. तापलेल्या गाडीत २४ लावलं तरी ती झडप गरम हवेची वाट पूर्ण बंदच ठेवते. १६ लावून त्याहून जास्त काय बंद होणार? ‘लो’वर तर नियंत्रणच सुटतं, नुसती गार हवा येत राहते.

आता पंखा. मला सगळ्यात उशिरा उमगलेली गोष्ट हीच, आणि बहुतेक तक्रारी इथेच जन्मतात. सुरुवातीला पंखा मोठाच ठेवा. आवाज नको म्हणून लगेच एकवर आणलात तर पुरेशी गार हवा आत येत नाही, मागे बसलेले घामाघूम होतात आणि दोष एसीला जातो.

थोड्या वेळाने जाळीतून येणारी हवा आधीइतकी बोचरी लागत नाही. हात धरून बघा, फरक कळतो. नेमक्या याच क्षणी लोक ‘गॅस कमी झालाय’ म्हणत आकडा १८ वर आणतात. अहो, गॅसला काही झालेलं नाही! आतलं तापमान २४ च्या जवळ आलं म्हणून झडपेने गरम हवा मिसळायला सुरुवात केली आहे. फुल ऑटोमॅटिकमध्ये पंखा इथे आपोआप मंदावतो. तुमच्या गाडीत ते काम तुमचं. एकेक पायरी करत पंखा कमी करा आणि आकड्याला हात लावू नका. तरीही उकडलं तर एखाद्या अंशाने खाली या, सहा अंशांनी नव्हे.

लांबच्या प्रवासात अधूनमधून बाहेरची हवा आत घ्या. सतत रीसर्क्युलेशनवर आतला कार्बन डायऑक्साइड वाढतो, डोकं जड होतं.

पावसात काच धुरकटली की एसी बंद करू नका, थंडी वाजत असली तरीही. इव्हॅपोरेटर हवेतला ओलावा काढतो. रीसर्क्युलेशन बंद करा, हवा पुढच्या काचेकडे वळवा आणि गारठा वाटला तर तापमान वाढवा.

शेवटचं: डॅशबोर्डवर कुठेतरी एक छोटी बारीक जाळी असते, तिच्यामागे आतलं तापमान मोजणारा सेन्सर असतो. तिच्यापुढे मोबाइलचा होल्डर लावू नका. हवेचा झोतही थेट तिच्यावर सोडू नका, नाहीतर गाडी गार झालीय असं समजून यंत्रणा आधीच गरम हवा मिसळू लागते.