कुस्कोत शिकवायला येताय? मग आधी हे वाचा

पेरूतल्या कुस्कोला इंग्रजी शिकवायला यायचं ठरवलं असेल तर पहिली गोष्ट, विमानातून उतरल्या उतरल्या हिंडायला निघू नका. लिमा समुद्राकाठी, तिथून तासा-सव्वातासात विमान तुम्हाला ३,४०० मीटरवर आणून सोडतं, दोन कळसूबाई एकावर एक ठेवले तरी त्याच्याहून वर. डोकं ठणकतं, झोप लागत नाही, जिना चढताना धाप लागते, याला इथे सोरोचे म्हणतात. दोन दिवस हलकं जेवा, दारू नको, आणि जमलं तर आधी खाली ओयान्तायताम्बोला राहा, ते २,८०० मीटरच्या आसपास आहे, सवय झाली की वर या. बसल्याजागी धाप लागायला लागली तर मात्र थांबू नका, सरळ डॉक्टरकडे. कोकाच्या पानांचा चहा सगळीकडे मिळतो, मला त्याने बरं वाटतं, पण ती पानं भारतात घेऊन जाऊ नका, गुन्हा आहे.

खोली बघताना ऊन कुठून येतं ते बघा, घरात हीटर बहुतेक नसतो आणि जून-जुलैत रात्री पारा शून्याच्या खाली जातो. गरम पाणी "येतं" म्हणाले तरी स्वतः शॉवर सोडून बघा. आणि कुकर घ्या, इथे पाणी ८८-८९ अंशालाच उकळतं त्यामुळे साध्या पातेल्यात राजमा तासन्‌तास ठेवला तरी शिजत नाही. शाकाहारी असाल तर नुसतं "सिन कार्ने" (मांस नको) म्हणून भागत नाही, चिकन येतं, कारण कार्ने म्हणजे त्यांच्या लेखी चिकन नाहीच, पोयो, म्हणजे चिकन, नको असं वेगळं सांगायचं. सान पेद्रो मार्केटात रोज एकाच बाईकडून भाजी घ्या, ती तुमची कासेरा, म्हणजे नेहमीची भाजीवाली, होते, मग हक्काने "यापा" मागायचा, आपली भाजीवाली वर मूठभर कोथिंबीर टाकते ना, तेच.

टुरिस्ट म्हणून आलात तर काम करायची परवानगी नसते. "आधी या, कागदपत्रं मग बघू" असं मलाही एका ठिकाणी सांगितलं होतं, ते मग कधी आलंच नाही, लेखी कॉन्ट्रॅक्ट घेतल्याशिवाय हो म्हणू नका. शाळा मार्च ते डिसेंबर असतात, म्हणून फेब्रुवारीतच चौकशी सुरू करा. इंग्रजी शिकवणाऱ्या खासगी इन्स्टिट्यूटचे क्लास पहाटे आणि संध्याकाळी, मधला दिवस मोकळा.

आता शिकवण्याचं. स्कूलला मुलं एस्कूल म्हणतात, स्पॅनिशमध्ये शब्दाच्या सुरुवातीला असं जोडाक्षर येत नाही, आपल्याकडे इस्कूल म्हणतात तसंच, आणि ब-व चा फरकही त्यांना ऐकू येत नाही, त्याला वेळ द्या. पण गावाकडून आलेल्या, घरी केचुआ (इथली इन्कांच्या काळापासूनची भाषा) बोलणाऱ्या मुलांकडे जास्त लक्ष द्या. केचुआत मूळ स्वर तीनच, अ इ उ, त्यामुळे स्पॅनिश बोलताना ए-इ आणि ओ-उ ची अदलाबदल होते आणि शहरातली मुलं हसतात, मग ही पोरं वर्गात तोंडच उघडत नाहीत. वर्गात कुणालाही उच्चारावरून हसू द्यायचं नाही, हा नियम पहिल्या दिवशीच सांगा. आणि मराठी माणसाच्या हातात इथे एक खजिना आहे, इंग्रजीत "वी" एकच, स्पॅनिशमध्येही नोसोत्रोस एकच, पण केचुआत न्योकान्चिस म्हणजे आपण आणि न्योकायकु म्हणजे आम्ही! मी फळ्यावर आपण-आम्ही लिहून दाखवलं तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी पहिल्यांदा स्वतःहून उठून बोलली, तिच्या भाषेतलं काहीतरी सरांच्या भाषेतही आहे म्हणून. केचुआ थोडी तरी शिकाच, निदान "अयियान्चु" म्हणजे बरंय ना.

फिरण्याचं थोडक्यात. काँबीतून, म्हणजे इथल्या शेअर व्हॅनमधून, उतरायचं तर "बाहा" म्हणून मोठ्याने ओरडा. फाटकी डॉलरची नोट कुणी घेत नाही, १०० सोलच्या (सोल म्हणजे इथलं चलन) नोटेचे सुटे मिळत नाहीत. माचू पिचूला पायी जायचा इन्का ट्रेल फेब्रुवारीत बंद असतो आणि बाकीच्या वेळी परमिट काही महिने आधी काढावं लागतं. तितिकाका सरोवराकाठच्या पुनो शहराची बस ४,३०० मीटरच्या ला राया घाटातून जाते, तेव्हा स्वेटर डिकीतल्या बॅगेत टाकू नका, हातात ठेवा.