विस्थापितांचा वनहक्क दावा: 'निरंक' लिहिण्याआधी

2006च्या वनहक्क कायद्याखालचा वैयक्तिक दावा 'नमुना-अ'वर भरतात. त्यात दाव्याचं स्वरूप विचारलेल्या भागातला चौथा आणि पाचवा रकाना विस्थापितांसाठी आहे, आणि घाईत भरलेल्या अर्जात नेमकं तिथेच 'निरंक' लिहिलेलं असतं. मग तो दावा साध्या कब्जेदाराचा ठरतो. आज कब्जा दिसला नाही की नामंजूर.

चौथा रकाना कलम 3(1)(एम)चा आहे. 13 डिसेंबर 2005पूर्वी वनजमिनीवरून बेकायदा हुसकावलं आणि पुनर्वसन मिळालं नाही, तर त्याच जागी पुनर्वसन किंवा पर्यायी जमीन मागता येते. पाचवा कलम 4(8)चा: सरकारी प्रकल्पासाठी घर-शेत गेलं, बदल्यात जमीन मिळाली नाही, आणि घेतलेली जमीन पाच वर्षांत त्या कामासाठी वापरलीच गेली नाही. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या जमिनीला हे दुसरं कलम लागत नाही, तिथे प्रकल्पाच्या पुनर्वसनाचीच मागणी लावून धरावी लागते. सरदार सरोवराच्या बुडितात नंदुरबारच्या अक्राणी-अक्कलकुव्यातली 33 गावं आली. तिथे खालचं शेत बुडालं आणि वरच्या उतारावरचं नेवाड (जंगल जमिनीवरचं शेत) 2005च्या आधीपासून कसत असाल, तर ते पहिल्या, म्हणजे कब्जातल्या जमिनीच्या रकान्यात वेगळं दाखवा. दोन्ही जमिनी एका आकड्यात मिसळू नका.

पुरावे किमान दोन प्रकारचे हवेत. जुनी रेशनकार्डं, मतदारयादीतलं नाव, घरपट्टीची पावती, एकसालीचा (एका वर्षाच्या पट्ट्याचा) कागद हे सगळं चालतं. वनखात्याने केलेल्या दंडाच्या पावत्या फेकू नका: ज्या शेतासाठी दंड झाला, त्या शेतावर त्या वर्षी तुम्ही होता हे त्या खात्यानेच लिहून दिलेलं असतं. उपग्रहाचं चित्र पूरक आहे. केवळ त्यात शेत दिसत नाही म्हणून दावा फेटाळता येत नाही.

कागद वाहून गेले असतील तर म्हाताऱ्या माणसाचा जबाब मोलाचा, पण तो दावेदार सोडून दुसऱ्याचा हवा. 'हे पूर्वीपासून राहतात' एवढ्यावर तो फुकट जातो. त्यात पाड्याचं नाव, कोणत्या नाल्याच्या कोणत्या अंगाला शेत, शेजारी कोण कसत होतं, बांध कोणी घातला, 72च्या दुष्काळात कुटुंब तिथेच होतं का, आणि कोणत्या साली कोणी उठवलं, हे सगळं यावं. जुन्या घराचा चौथरा, विहीर, गावदेवाची जागा, स्मशान अजून दिसत असेल तर फोटो जोडा.

75 वर्षांच्या वास्तव्याची अट इतर पारंपरिक वननिवासींना, म्हणजे जमातीत नसलेल्या पण पिढ्यान्पिढ्या जंगलावर जगणाऱ्यांना आहे, अनुसूचित जमातींना नाही. जमातीच्या दावेदाराकडे कोणी त्याचा पुरावा मागितला तर लेखी मागायला सांगा. क्षेत्र हेक्टरमध्ये लिहा. एकर आणि गुंठ्यांची सरमिसळ झाली की मोजणी आणि अर्ज जुळत नाहीत. कब्जातल्या जमिनीची कमाल मर्यादा 4 हेक्टर, म्हणजे जेमतेम 10 एकर. नवरा-बायको दोघांची नावं टाका, कारण हक्क दोघांच्या नावे मिळतो.

दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे द्या आणि तारखेसह पोच घ्या. स्थळ पाहणीची सूचना वनखात्याला लेखी गेली पाहिजे आणि तिचीही पोच फाइलला लागली पाहिजे. सूचना मिळूनही वनखात्याचा माणूस आला नाही आणि 'आमच्या गैरहजेरीत पाहणी झाली' अशी हरकत पुढे घेतली, तर उपविभागीय समिती दावा फेरपाहणीसाठी ग्रामसभेकडे परत पाठवते; फेरपाहणीलाही कोणी आलं नाही, तर पाहणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम ठरतो. 

ठरावाच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हवेत, त्यांत एक तृतीयांश महिला. पेरणीच्या किंवा मजुरीला बाहेर जाण्याच्या दिवसांत सभा लावू नका, कोरम बसत नाही. दावेदारांपैकीही निम्मे, किंवा त्यांचे प्रतिनिधी, हजर असावे लागतात. वसाहतीत पांगलेल्या कुटुंबांना निरोप आधीच पोचवा.

नामंजुरी झाली तर कारणं लेखी मिळण्याचा हक्क आहे. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध 60 दिवसांत उपविभागीय समितीकडे, तिच्या निर्णयाविरुद्ध पुढच्या 60 दिवसांत जिल्हा समितीकडे जाता येतं. पत्र हातात पडलं ती तारीख त्याच कागदावर लिहून ठेवा. पडताळणी पूर्ण होईपर्यंत कसत्या जमिनीवरून उठवायला कलम 4(5) मनाई करतं. त्या कलमाची मराठी प्रत पाड्यात एकाच्या तरी घरी असू द्या.