चाळीच्या फळ्यावर 'परकीय हात': अशी सभा घ्यायची असेल तर

२०२५ च्या फेब्रुवारीत आमच्या गिरगावच्या चाळीत दोन सख्ख्या शेजाऱ्यांचं बोलणं बंद झालं. भांडण नळावरून नव्हतं, पागडीवरून नव्हतं. भांडण होतं अमेरिकेच्या २ कोटी १० लाख डॉलरवरून. म्हणजे आपले साधारण १८२ कोटी रुपये.

अमेरिकेतल्या खर्चकपात खात्याने जाहीर केलं होतं की 'भारतातलं मतदान वाढवण्यासाठी' ठेवलेली ही रक्कम आम्ही रद्द केली. पाठोपाठ ट्रम्प म्हणाले, कुणा दुसऱ्यालाच निवडून आणायचा बेत असावा. झालं. दुसऱ्या मजल्यावरचे नाना जिन्यात उभे राहून 'बघा, ह्या विरोधकांना बाहेरून पैसा' म्हणाले. समोरच्या खोलीतले मास्तर 'पैसा आला तेव्हा सरकार कुणाचं होतं ते बोला' म्हणाले. आठवडाभरात 'इंडियन एक्स्प्रेस'ने छापलं की ती रक्कम भारतासाठी नव्हतीच, बांगलादेशासाठी होती. तोवर दोघांचे दरवाजे लागलेले होते ते लागलेलेच राहिले.

मी मंडळाच्या वाचनालयाची चिटणीस. त्याआधी एकतीस वर्षं फोर्टात एका बँकेच्या क्लिअरिंगमध्ये होते. गणेशोत्सवातल्या व्याख्यानासाठी मी हाच विषय सुचवला, तेव्हा कार्यकारिणी म्हणाली, "काकू, मारामारी होईल." झाली नाही. आता दोन चाळींतून आणि एका सोसायटीतून मला विचारणा आली आहे की हे जमवलं कसं. म्हणून हे लिहिते.

विषय फळ्यावर लिहिण्याआधी

'परकीय हस्तक्षेप: सत्य की षड्यंत्र?' असा विषय ठेवू नका. लोक उत्तर घरूनच घेऊन येतात. आम्ही लिहिलं होतं, 'दुसऱ्या देशाने निवडणुकीत हात घातला, हे कशावरून म्हणायचं?' जरा लांब आहे, पण त्याचं उत्तर द्यायला कागद लागतो, नुसता आवाज चालत नाही.

आचारसंहिता लागलेली असताना ही सभा घेऊच नका. मतदान संपण्याआधीचे ४८ तास तर निवडणुकीच्या सभा कायद्यानंच बंद असतात, पण त्याच्या आधीही नको. माणसं तेव्हा ऐकायच्या मनःस्थितीत नसतात.

वक्ते बाहेरून आणू नका. टीव्हीवरचे तर नकोतच. चाळीतल्याच लोकांना एकेक प्रकरण वाचायला द्या आणि इथे माझी एकच युक्ती आहे, ती नीट ऐका: ज्याला जो कागद कडू लागतो, तो त्याच्याच हातात द्या. बांगलादेशाची बातमी मी नानांना वाचायला दिली. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीच्या २०२४ च्या अहवालातला भारताचा भाग मास्तरांना दिला. कारण त्यात लिहिलेलं आहे की स्टॉइक नावाच्या इस्रायली कंपनीने लोकसभा निवडणूक चालू असताना भारतावर टिप्पण्या तयार करायला घेतल्या होत्या, आणि त्या भाजपवर टीका आणि काँग्रेसची स्तुती करणाऱ्या होत्या. मास्तरांनी दोन दिवस माझ्याकडे बघितलं नाही. पण तिसऱ्या दिवशी स्वतःच आले आणि म्हणाले, "पुढची ओळ वाचलीत का? चोवीस तासांच्या आत बंद पाडलं आणि कुणी फारसं पाहिलंही नाही." मला हेच हवं होतं. कडू कागद माणूस शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो.

फळा

आमच्या चाळीच्या दारात एक फळा आहे. त्यावर एरवी पाणी कधी येणार नाही ते लिहिलेलं असतं. तो मी गच्चीवर नेला आणि खडूने तीन रकाने आखले. 'प्रयत्न झाला का?' 'किती जणांपर्यंत पोचला?' 'निकाल फिरला का?'

सगळी भांडणं ह्या तीन गोष्टींची खिचडी केल्यामुळे होतात. पहिल्या रकान्याचा पुरावा दाखवायचा आणि तिसऱ्याचा निष्कर्ष काढायचा. बोलणाऱ्याने तोंड उघडण्याआधी सांगायचं, मी कुठल्या रकान्याबद्दल बोलतोय. न सांगता बोललात तर आरतीची घंटा वाजेल. घंटा तिसरीतल्या एका मुलाच्या हातात दिली होती. मोठ्यांनी वाजवली असती तर भांडण झालं असतं, पोराने वाजवल्यावर सगळे हसले.

पहिला अर्धा तास परक्या देशाचा. हे चुकवू नका. भारताने सुरुवात केलीत तर सभा दहा मिनिटांत संपली म्हणून समजा. जिथे आपला बाब्या कुठला आणि कार्टं कुठलं हेच माहीत नाही, तिथे माणसं सरळ विचार करतात. एकदा नियम अंगवळणी पडला की तो घरच्या प्रकरणात मोडायला लाज वाटते.

आम्ही अमेरिकेपासून सुरुवात केली. तिसऱ्या मजल्यावरच्या, कॉलेजात जाणाऱ्या मुलीने ती तयार केली होती. सेंट पीटर्सबर्गमधल्या एका कचेरीत बसून रशियन लोक फेसबुकवर अमेरिकन असल्याची सोंगं वठवत होते. २०१६ च्या मे महिन्यात ह्यूस्टनमध्ये एका इस्लामी केंद्रासमोर दोन गट आमनेसामने आले, एक विरोधात, एक समर्थनात. दोन्हींना बोलावणारी फेसबुकची पानं त्याच रशियन कचेरीची होती. हे ऐकून गच्चीवर एकदम शांत झालं. आपल्या रस्त्याच्या दोन फुटपाथांवर असं कुणी केलं तर काय, हे प्रत्येकाच्या डोळ्यासमोर आलं असणार. पहिल्या रकान्यात बरोबरची खूण. त्या कचेरीला पैसा पुरवणाऱ्या प्रिगोझिनने पुढे २०२२ मध्ये आपण हात घातला होता असं स्वतःच कबूल केलं.

दुसऱ्या रकान्यात आकडा आला १२ कोटी ६० लाख. त्या कचेरीचा मजकूर इतक्या लोकांच्या पडद्यावर आलेला असू शकतो, असा फेसबुकचाच अंदाज. जाहिरातींवरचा खर्च मात्र साधारण १ लाख डॉलर. इथे थांबा आणि लोकांना विचारा, पडद्यावर आलं म्हणजे वाचलं का? वाचलं म्हणजे पटलं का? तुमच्या पडद्यावर दिवसात किती येतं? एक आजी म्हणाल्या, "मी तर नुसते फुलांचे फोटो पुढे ढकलते." तिसरा रकाना रिकामा राहिला.

शब्द

इथे मला थोडं रेंगाळायचंय. आपल्या भाषेत ह्या एका गोष्टीसाठी चार शब्द आहेत आणि आपण ते कसेही वापरतो. लुडबुड, ढवळाढवळ, हस्तक्षेप, संगनमत. परक्या देशाच्या प्रवक्त्याने आपल्या निवडणुकीवर मत दिलं तर ती लुडबुड. खोटी खाती उघडून आग लावली तर ढवळाढवळ. पैसा किंवा चोरलेले ईमेल घेऊन उतरला तर हस्तक्षेप. आणि इथल्या कुणाशी ठरवून केलं तर संगनमत. २०१६ च्या ह्या रशियन प्रकरणाचा सरकारी तपास करणाऱ्या म्युलरच्या २०१९ च्या अहवालावरून अमेरिकेत जो गोंधळ झाला तो ह्याचाच. रशियाने पद्धतशीर हात घातला असं अहवाल म्हणतो. ट्रम्पच्या प्रचारातल्या लोकांनी रशियन सरकारशी कट केला, हे मात्र तपासातून सिद्ध करता आलं नाही असंही म्हणतो. एका बाजूने पहिलंच वाक्य वाचलं, दुसऱ्या बाजूने दुसरंच. आणि 'सिद्ध करता आलं नाही' ह्याचं 'झालंच नाही' करणं म्हणजे सरळ ध चा मा.

बँकेत चेक परत जायचा तेव्हा सोबत मेमो जायचा, त्यावर कारण लिहिलेलं. 'शिल्लक अपुरी' वेगळं, 'सही जुळत नाही' वेगळं. नुसतं 'चेक खोटा' असं आम्ही कधी लिहिलं नाही. सभेतही लिहू देऊ नका.

ह्याची उलट बाजूही सांगा. 'पुरावा नाही' म्हणणाऱ्याला विचारा, शोधला कुणी? ब्रिटनच्या संसदेच्या एका समितीने २०२० मध्ये लिहिलं की ब्रेक्झिटच्या, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या, सार्वमतात रशियाने हात घातला का, ह्याचा सरकारने नीट शोधच घेतला नव्हता. न शोधता सापडलं नाही, ह्याला काय अर्थ?

रोमानिया, आणि चौथा रकाना

रोमानिया मास्तरांकडेच होता आणि त्यांनी तो रंगवून सांगितला. २४ नोव्हेंबर २०२४ ला राष्ट्राध्यक्षपदाची पहिली फेरी. कॅलिन जॉर्जेस्कू नावाचा, फारसा कुणाच्या खिजगणतीत नसलेला उमेदवार सुमारे २३ टक्के मतं घेऊन पहिला. प्रचारखर्च किती दाखवला? शून्य. न्यायालयाने फेरमोजणी करवली, २ डिसेंबरला निकाल कायम केला. ४ डिसेंबरला गुप्तचर खात्याचे कागद खुले झाले, त्यांत टिकटॉकवरच्या सुमारे २५ हजार खात्यांचा उल्लेख. ६ डिसेंबरला त्याच न्यायालयाने अख्खी निवडणूकच रद्द केली. मतं बरोबर मोजली होती, तरी रद्द! पुढे तिथल्याच शोधपत्रकारांनी लिहिलं की त्या टिकटॉक मोहिमेतल्या काही भागाचा पैसा देशातल्याच एका सत्तेतल्या पक्षाकडून आला होता. मे २०२५ मध्ये निवडणूक पुन्हा झाली, जॉर्जेस्कूला उभं राहू दिलं नाही, निकुशोर दान निवडून आले.

ह्यावर पाऊण तास गेला. जाऊ द्या. बाहेरच्याने मत बिघडवलं म्हणून लोकांनी दिलेलं मत पुसायचं का, हा प्रश्न कुठल्याच पक्षाचा नाही. नाना आणि मास्तर ह्यावर एकाच बाजूला निघाले. दोघांनाही ते आवडलं नाही.

मग मी भारतावर आले आणि माझा फळा फसला. मे २०२४ मध्ये रशियाच्या परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्या मारिया झाखारोवा म्हणाल्या की अमेरिका भारताच्या निवडणुकीत अडथळे आणू बघतेय. अमेरिकेने नाकारलं. हे लिहायचं कुठल्या रकान्यात? कागद एकही नाही. त्याआधी एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टने इशारा दिला होता की चीन कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेला मजकूर आपल्या निवडणुकीत सोडण्याची शक्यता आहे, पण निकालावर परिणाम होण्याची शक्यता कमी. हा तर आरोपही नाही. तेव्हा त्या कॉलेजवाल्या मुलीने उठून चौथा रकाना आखला, 'नुसतं म्हणणं'. ट्रम्पचं वाक्यही त्यातच गेलं. तुम्ही पहिल्यापासून चार आखा. सगळ्यात जास्त खडू तिथेच लागतो.

२ कोटी १० लाख डॉलरचा कागद नानांनी स्वतः वाचला. बांगलादेशाची बातमी आणि त्यासोबत ऑगस्ट २०२५ मध्ये राज्यसभेत आलेलं उत्तर: अमेरिकी दूतावासाने कळवलंय की भारतात मतदान वाढवण्यासाठी असा निधी २०१४ ते २०२४ मध्ये आलाही नाही, दिलाही नाही. वाचून त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "दूतावास तरी खरं कशावरून बोलतो?" रास्त प्रश्न आहे. मी तोही फळ्यावर लिहिला.

घरचे कागद दोन तरी ठेवा, दोन्हीकडे टोचणारे. इंदिराबाई देशातल्या अडचणींमागे 'परकीय हात' आहे म्हणायच्या, ते जुन्या मंडळींना आठवतंच. त्यांना सांगा की भारतातले माजी अमेरिकी राजदूत मॉयनिहन १९७८ मध्ये लिहून गेले की कम्युनिस्टांना रोखायला केरळ आणि बंगालच्या निवडणुकांत सीआयएने, म्हणजे अमेरिकेच्याच गुप्तचर संस्थेने, काँग्रेसलाच दोनदा पैसे दिले होते. काँग्रेसने हे मानलं नाही. आणि २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं की भाजप आणि काँग्रेस, दोघांनीही परदेशी कंपनीच्या इथल्या उपकंपन्यांकडून देणग्या घेऊन परकीय देणग्यांचा कायदा मोडलेला दिसतो. त्यावर काय झालं? २०१६ आणि २०१८ मध्ये कायदाच बदलला, तोही मागल्या तारखेपासून, थेट ५ ऑगस्ट १९७६ पासून. एकतीस वर्षांत मी इतकी जुनी तारीख घातलेलं व्हाउचर पाहिलं नव्हतं.

आणि 'सगळे आपल्याच वाईटावर' असा सूर लागला की कॅनडा काढा. तिथल्या न्यायमूर्ती होग यांच्या आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये लिहिलं की कॅनडाच्या निवडणुकांत हात घालणाऱ्यांत चीननंतर सर्वांत सक्रिय देश भारत. आपल्या परराष्ट्र खात्याने ते फेटाळलं. आमच्याकडे काही जण चिडले, दोघांनी चक्क टाळ्या वाजवल्या. मी टाळ्यांवरही घंटा वाजवायला लावली.

माझ्याकडून चुकलं ते

मतदानयंत्राचा प्रश्न मी घेतला आणि वीस मिनिटं पाण्यात गेली. तो वेगळा विषय आहे, वेगळी सभा लागते. शेजारी एक कोरा कागद चिकटवून ठेवा, 'पुढच्या वेळी', आणि असले प्रश्न तिथे लिहा. प्रश्न चिठ्ठीवर घ्या, बिननावाचे. आम्ही चिवड्याचा रिकामा डबा ठेवला होता. बायकांचे सगळ्यात चांगले प्रश्न त्या डब्यातून आले. माइकवर त्या बोलल्या नसत्या.

फोनवरचं माइकसमोर वाचू द्यायचं नाही. कागद आणायचा, त्यावर कुणी छापलं आणि कधी, हे दिसलं पाहिजे. ठाकुरद्वारच्या झेरॉक्सवाल्याकडे एका दिवसात गर्दी झाली आणि निम्म्या लोकांना तिथेच कळलं की आपल्या फॉरवर्डवर तारीखच नाही.

बटाटेवडे सभेनंतर द्या, आधी दिलेत तर अर्धी गच्ची रिकामी होते. दहाला स्पीकर बंद करायचा असतो म्हणून साडेसातला सुरू करा. शेवटी हात वर करून मतदान घेऊ नका, कुणीतरी मागेल, तरी नको.

सगळे कागद फाइलला लावून वाचनालयात ठेवा. आमची फाइल सध्या नानांकडे आहे. मुदत पंधरा दिवसांची होती, दिवसाला एक रुपया दंड चढतोय. त्यांनी निरोप पाठवलाय की मास्तर ती त्यांच्याकडून घेऊन गेलेत.