नॉर्वेत एकट्याने सायकल: आधी बोगदे बघा, मग रस्ता ठरवा

उत्तर नॉर्वेत एकट्याने सायकलवर निघणार असाल, तर रोजचे किलोमीटर ठरवण्याआधी वाटेतले बोगदे तपासा. काही बोगद्यांत सायकलला सक्त मनाई असते आणि वळसा घालण्यात अख्खा दिवस जाऊ शकतो. नॉर्डकाप या उत्तरेकडच्या भूशिराला जाताना मात्र समुद्राखालचा बोगदा चुकत नाही. जवळपास 7 किलोमीटर लांब, समुद्रसपाटीच्या 212 मीटर खाली. आधी खडा उतार, मग तसाच दमछाक करणारा चढ. आत ऐन जुलैतही गारठा असतो आणि घामेजलेलं अंग उतारावर काकडतं. त्यामुळे तोंडाशीच थांबून जाकीट चढवा, मागचा लाल दिवा लावा. माझ्या मते भल्या पहाटे जाणं उत्तम. उन्हाळ्यात तिथे उजेड असतोच आणि गाड्याही कमी.

शिधा शनिवारीच भरा, रविवारी बहुतेक किराणा दुकानं बंद असतात. स्टोव्हचा गॅस विमानात नेता येत नाही, तो तिकडेच घ्यायचा. मोकळ्या रानात तंबू ठोकता येतो, पण घरांपासून किमान 150 मीटर लांब. सोबत कुणी नाही, तेव्हा रुग्णवाहिकेचा 113 हा क्रमांक आजच फोनमध्ये टाकून ठेवा.