जुन्या डिझेल इंजिनाचा ब्रीदर: माझा अनुभव
माझ्या जुन्या टर्बो डिझेल इंजिनाच्या मागच्या ऑइल सीलमधून तेल झिरपू लागले, तेव्हा सीलला हात लावण्याआधी मी डिपस्टिकच्या नळीला पाणी भरलेली पारदर्शक यू-नळी जोडून क्रँककेसमधील (क्रँकशाफ्ट फिरतो त्या इंजिनाच्या खालच्या पेटीतील) दाब पाहिला. पिस्टन रिंगांपाशी निसटून खाली येणाऱ्या वायूंची वाट तुंबली, तर तोच दाब नव्या सीललाही टिकू देत नाही. ब्रीदरची, म्हणजे हे वायू क्रँककेसमधून इनटेककडे (इंजिनाच्या हवा ओढण्याच्या मार्गाकडे) नेणाऱ्या व्यवस्थेची, नळी काळ्या गाळाने जवळपास बंद होती आणि ब्रीदरच्या व्हॉल्व्हचा रबरी पडदा कडक होऊन चिरला होता. तेल वेगळे करणारी जाळी डिझेलमध्ये धुऊन पूर्ण वाळवली, कारण उरलेले डिझेल इनटेकमध्ये ओढले गेल्यास इंजिन बेलगाम वेग घेऊ शकते. पडदा नवा बसवला. नळीही नवी, तेलरोधक रबराचीच. गळती थांबली, सील जुनेच आहे.