कढीपत्त्याच्या झाडावरचा परिसर अभ्यास

शाळेच्या परसबागेत कढीपत्ता किंवा लिंबाचे झाड असेल, तर तिसरी ते पाचवीच्या मुलांना फुलपाखराचा जीवनक्रम फळ्यावर काढून दाखवण्याची गरज उरत नाही. जून-जुलैत पहिल्या पावसानंतर या झाडांना कोवळी पालवी फुटते आणि तिच्यावर लिंबाच्या कुळावर वाढणारी फुलपाखरे एकेक अंडे घालून जातात. २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरलेली राणी पाकोळीदेखील याच कुळातील झाडांवर वाढते.

सर्वांत आधी पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंशी बोलून घ्यावे. खिचडीच्या फोडणीसाठी पाने त्याच झाडाची तोडली जात असल्याने एका फांदीला लाल दोरा बांधून ती मुलांसाठी राखून ठेवावी आणि झाडावर औषध फवारू नये. मग मुलांना कोवळी पाने उलटसुलट करून पाहायला सांगावे. फिकट पिवळे, मोहरीच्या दाण्यापेक्षा लहान, गोल अंडे सापडले की पान न तोडता शेजारी तारखेची चिठ्ठी अडकवावी. उन्हाळी-पावसाळी हवेत तीन-चार दिवसांत अंड्यातून अळी बाहेर येते.

ही लहान अळी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते. "बाई, इथे तर नुसती घाण आहे," असे मुले म्हणतात, तेव्हा लगेच खुलासा करू नये. ती "घाण" दुसऱ्या दिवशी जागा बदललेली त्यांची त्यांना दिसू द्यावी, कारण शिकण्याचा खरा क्षण तोच असतो आणि आपण घाईने बोललो तर तो मुलांच्या हातून जातो. चौथ्यांदा कात टाकल्यावर अळी हिरवीगार होते. गवताच्या काडीने तिला हलकेच स्पर्श केला, तर डोक्यामागून नारिंगी, दुभंगलेले शिंगासारखे इंद्रिय बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. हे एकदाच दाखवावे. प्रत्येक मुलाने डिवचले, तर अळीला खाणे सुचत नाही.

वर्गात ठेवायची असेल, तर अळी चिमटीत न धरता पानासह फांदी कापून आणावी. फांदी पाण्याच्या बाटलीत ठेवून बाटलीच्या तोंडाशी कापूस घट्ट बसवावा, नाहीतर अळी पाण्यात पडते. भोवती उंच खोके ठेवून त्यावर मच्छरदाणीचे कापड ताणावे. सुरुवातीच्या एका वर्षी मी कोश झाकणाच्या बरणीत ठेवला होता. फुलपाखरू निघाले, पण पंख खाली सोडून लोंबकळायला जागा नसल्याने ते चुरगळलेलेच वाळले. मुले त्या दिवशी डब्याला बसली नाहीत. तेव्हापासून खोक्यात खडबडीत काटक्या उभ्या ठेवल्याशिवाय मी अळी वर्गात आणत नाही.

नोंदींसाठी साधी चाळीस पानी वही पुरते. रोज एका जोडीने दोऱ्याने अळीची लांबी मोजून तो दोरा पट्टीवर ठेवावा, खाल्लेल्या पानाची बाह्यरेषा चौकटीच्या कागदावर काढून चौकोन मोजावेत आणि दुसऱ्या दिवशी परिपाठात ती नोंद वाचावी. "अळी मोठी झाली" हे वाक्य चालवून घेऊ नये. किती मिलिमीटरने, हे विचारावे.

पूर्ण वाढलेली, साधारण ४ सेंटीमीटरची अळी खाणे सोडून भटकू लागली की कोशाची वेळ जवळ आली असे समजावे. ती रेशमाचा धागा कमरेभोवती घेऊन काटकीला स्वतःला बांधते. कोश हिरवा झाला की तपकिरी, हे भोवतालच्या रंगाशी ताडून पाहावे. कधी कोशातून फुलपाखराऐवजी छोटी गांधीलमाशी किंवा दुसरी माशी निघते. मुले हिरमुसली तरी तीही नोंद तारखेसह वहीत यावी.

फुलपाखरू बाहेर येताच लालसर द्रवाचा थेंब पडतो. ते रक्त नव्हे, हे आधीच सांगून ठेवावे. पंख वाळायला दोन-तीन तास द्यावेत, मग खोके अंगणात नेऊन कापड काढावे आणि रिकामा कोश काडेपेटीत ठेवून वर तारीख लिहावी.